घबाड लागणे

दुपारच्या सुट्टीनंतर तो टेबलाशी आला तेव्हा 'घबाड'चं कार्ड परत आलेलं होतं. सकाळी त्यानेच लिहून पाठवलेलं. नाम, नपुंसकलिंग. एक, ज्योतिषात मोठ्या लाभाचा मानलेला मुहूर्त. दोन, अचानक आणि श्रमाशिवाय झालेला मोठा लाभ. खाली संपादकबाईंच्या हिरव्या शाईत तीनच शब्द होते: 'वापराचं उदाहरण द्या.' त्यात वावगं काही नव्हतं. एकवीस वर्षं तो या शब्दकोशाच्या कचेरीत होता आणि उदाहरणं हा तर त्याचा हातचा मळ. 'घनघोर'ला त्याने पाच मिनिटांत तीन वाक्यं दिली होती, 'घनदाट'ला दोन. आता मात्र पेन उघडून तो बसला आणि कार्डाकडे बघत राहिला. उघड्या पेनाची शाई निबावर वाळली. समोरच्या टेबलावर प्रुफं वाचणारे गृहस्थ बसत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, उठून कार्ड वाचलं आणि ते खुशीत म्हणाले, "अहो, याला उदाहरण तुम्ही शोधायचं? आरशात बघा आणि लिहा." तो हसला. हे हसणं त्याला सात महिन्यांत जमायला लागलं होतं. कुणी म्हणे पुनर्जन्म झाला, कुणी म्हणे नशीब काढलंत, आणि तो ओठ जरासे ताणून मान हलवी. समोरच्याला तेवढं पुरे. पण आज हसू उतरल्यावर उजव्या कुशीत, खाली, जिथे टाक्यांची रेघ होती तिथे त्याचा हात आपोआप गेला. दुखत नव्हतं. आत जे होतं ते आपलं काम करत होतं.

या शब्दाबद्दल तो मास्तरांशी बोलला होता. मास्तर म्हणजे शिंपी, डायलिसिसच्या हॉलमध्ये त्याच्या शेजारच्या खाटेवरचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, दोघांच्याही डाव्या हातात जाड सुया, दोघांचंही रक्त नळ्यांतून यंत्रात जाऊन धुतलं जाऊन परत येणार. चार तास करायचं काय? सुरुवातीला मास्तर छताकडे बघून पडत. मग एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही ते कागद घेऊन काय पुटपुटता?" त्याने सांगितलं की शब्दांचे अर्थ लिहायचं काम आहे. मास्तर म्हणाले, "म्हणजे मापं घ्यायची." त्या दिवसापासून तो यादीतला शब्द मोठ्याने वाचायचा आणि मास्तर तो कसा वापरतात ते सांगायचे. सिस्टर त्याला शब्दवाले म्हणायला लागली. मास्तरांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण कान तिखट. 'घबाड' निघाला तेव्हा ते म्हणाले होते, "घबाड लागतं, मिळतं, सापडतं, हाती येतं. कमावलं असं कुणी म्हणत नाही." त्याने ते टिपून घेतलं. मग यंत्राच्या घरघरीत मास्तर पुन्हा बोलले, "आणि एक लिहा. माझं घबाड असं कधी ऐकलंय तुम्ही? माझा पगार, माझी मजुरी, माझं दुकान. घबाड नेहमी दुसऱ्याचं. ज्याला मिळालं नाही त्याचा शब्द आहे तो." त्याला हे इतकं आवडलं होतं की त्याने ते कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं. ते जुनं कार्ड आता कुठे होतं कोण जाणे. सकाळी त्याने नवंच कार्ड केलं होतं, आणि मागची बाजू कोरी ठेवली होती.

दोघांचीही नावं एकाच यादीत होती. एकच रक्तगट, एकच रुग्णालय. मास्तरांचं नाव साडेचार वर्षांपूर्वी लागलेलं, त्याचं तीन. म्हणजे मूत्रपिंड आलं की आधी मास्तर, मग तो. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकाच घरातल्या भावांनी वाटणीबद्दल बोलू नये तसं. एवढंच की मास्तर एखाद्या शनिवारी उशिरा आले की त्याच्या पोटात काहीतरी हलायचं, आणि ते दारात दिसले की ते हलणारं बसायचं, आणि मग तो इतक्या आपुलकीने "या, या" म्हणायचा की मास्तरांनाही आश्चर्य वाटावं. या हलणाऱ्या गोष्टीला त्याने कधी नाव दिलं नाही. नावं देणं हा त्याचा धंदा असूनही.

फोन आला तो बुधवार होता. सकाळचे साडेदहा. तो याच टेबलाशी होता. पलीकडची बाई पाठ केल्यासारखी बोलत होती: एक मूत्रपिंड उपलब्ध झालं आहे, तुम्ही यादीत दुसरे आहात, पहिल्या रुग्णाला काही अडचण आली तर वेळ जायला नको म्हणून दोघांनाही बोलावतो, उपाशीपोटी या. दुसरे. त्याने बायकोला फोन केला तेव्हा हा शब्द दोनदा सांगितला, तिला फार आशा वाटू नये म्हणून, आणि तरी ती रिक्षातून उतरताना त्याची पिशवी, चादर, पंचा, सगळं घेऊन आली होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मास्तर आधीच बसलेले. शेजारी त्यांची बायको, मांडीवर डबा. उपाशी राहायचं होतं तरी डबा. "आलात?" मास्तर म्हणाले. "बरं झालं. सोबत झाली." दोघांचं रक्त घेतलं, छातीचे फोटो काढायला पाठवायचं ठरत होतं, निकालाला चार तास लागणार होते. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला सहासात माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि त्यांच्यामध्ये एक बाई जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर हेल्मेट होतं. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मास्तरांची बायको नाही, त्याची बायको नाही, तो नाही. सगळ्यांना कळलं होतं की ती माणसं कोण आहेत.

तरुण डॉक्टर आला. त्याने मास्तरांना विचारलं, "गेल्या आठवड्यात ताप, खोकला, जुलाब, काही?" मास्तर म्हणाले, "काही नाही." डॉक्टरने लिहिलं आणि तो गेला. सिस्टरने तापमान घेतलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आणि तो बाकावर बसून बघत होता. आदल्याच दिवशी, मंगळवारी, सुई टोचून झाल्यावर मास्तर त्याला म्हणाले होते की दोन दिवस अंगात कणकण आहे, छातीत जरा घरघरतंय, इथल्यांना सांगत नाही, उगाच भरती करून घेतील, हाताशी चार कपडे आहेत द्यायचे. सहज बोलले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलावं तसं. आता मास्तर छताकडे बघत होते. त्यांना आठवत नसेल का? आठवत असणारच. त्याला आठवत होतं तर त्यांना आठवणारच. त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. तिने पंच्याची घडी उलगडून पुन्हा घातली. आणि मग सिस्टर त्याचं तापमान घ्यायला वाकली तेव्हा तो बोलला. काय बोलला ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. "सिस्टर, मास्तरांना परवापासून कणकण होती. तेवढं बघा हं."

'तेवढं बघा हं.' या तीन शब्दांवर तो सात महिने काम करत होता. त्यात काळजी होती. ऐकणाऱ्या कुणालाही काळजीच ऐकू आली असती. आवाज खाली घेतलेला, मान जराशी कललेली, 'हं'मध्ये मायेचा ओलावा. आणि खोटं एक अक्षर नव्हतं. अंगात जंतू असताना हे ऑपरेशन केलं तर माणूस मरतो, हे हॉलमधल्या प्रत्येक रोग्याला ठाऊक होतं. उद्या कुणी विचारलं असतं की तुम्हाला माहीत असून गप्प का बसलात, तर त्याच्याकडे उत्तर नसतं. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही त्या क्षणी त्याच्या मनात नव्हतं. त्या क्षणी त्याच्या मनात ते पोटातलं हलणारं होतं. ते वर आलं आणि त्याच्या तोंडून सभ्य मराठीत बोललं. सिस्टर थबकली, मास्तरांकडे वळली. मास्तरांनी छतावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. कापड बेतताना चूक झाली की माणूस कापडाकडे बघतो तसं. मग ते सिस्टरला म्हणाले, "हो, जरा होती."

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाला डाग निघाला. मोठे डॉक्टर स्वतः आले, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून बोलले, आणि जाता जाता त्याला म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मास्तरांच्या बायकोने हे ऐकलं. ती डब्याचं झाकण घट्ट होतं तरी पुन्हा दाबून बसवत राहिली. मास्तरांनी रुग्णालयाचा झगा उतरवला, त्याची शिवण उलटून बघितली, सवयीने, आणि आपला सदरा चढवला. त्यांचा स्वतःचा शिवलेला, गुंड्या सरळ रेषेत. मग ते त्याच्यापाशी आले. तो उठायला लागला तर म्हणाले, "बसा. आता तुम्ही जपायचं." आणि मग, अगदी सहज, शेजारच्या खाटेवरून बोलावं तसं: "घबाड लागलं की तुम्हाला." ते हसले होते का? इथे त्याची आठवण दर वेळी वेगळं सांगे. कधी मास्तर मनापासून हसलेले असत, कधी फक्त दात दिसत. एकदा पहाटे अर्धवट झोपेत त्याला ते रडताना दिसले, पण ते खोटं होतं, रडले नव्हते. जे पक्कं होतं ते वाक्य. साधं, बोलीतलं, चोख. बोलणाऱ्याला न मिळालेल्या लाभाविषयी, मिळालेल्याला उद्देशून. कुठल्याही कोशाला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

मग त्याला आत नेलं. ट्रॉली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकावरून गेली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. भूल दिलेली नव्हती अजून, पण मिटून घेतले. नंतरच्या महिन्यांत घर आनंदाने फुगलं. बायको कित्येक वर्षांनी स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली, धाकटा भाऊ परगावाहून येऊन आठवडाभर राहिला, मुलगी त्याच्या पायाची सूज उतरलेली बघून घोट्याला हात लावून गेली. त्याने एकदाच, जेवण झाल्यावर, बायकोला सांगून बघितलं. "त्या दिवशी मी बोललो नसतो तर…" ती भांडी गोळा करत होती. ती थांबली नाही. "नसता बोललात तर दोघंही गेला असतात," ती म्हणाली. "ते ऑपरेशनने आणि तुम्ही वाट बघून. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? मग झालं तर." तिच्या आवाजात अशी धार होती की त्याला कळलं, तिलाही त्या वाक्यातला 'हं' ऐकू आला होता. तीन वर्षं ती त्याच्यासाठी पहाटे उठली होती. तिने पंच्याची घडी पुन्हा घातली होती ती काही उगाच नाही. त्याने विषय सोडला. मास्तरांना फोन करायचा तो रोज ठरवी आणि रोज त्याला कारण सापडे. संसर्गाची भीती, बाहेर पडायला बंदी, अशक्तपणा. चौथ्या महिन्याच्या अखेरीस तपासणीला गेला तेव्हा हॉलमधली सिस्टर जिन्यात भेटली. "शब्दवाले, किती छान दिसताय," ती म्हणाली, आणि मग चेहरा आवरून, "मास्तर गेले, कळलं ना? दीड महिना झाला. खाटेवरच. सुया लावलेल्या असतानाच हृदय थांबलं." म्हणजे ऑपरेशननंतर मास्तर अडीच महिने जगले होते. छातीतला डाग पंधरा दिवसांत बरा झाला होता. पण दुसरं मूत्रपिंड आलं नव्हतं.

त्याने कार्ड पुढे ओढलं आणि लिहिलं: 'जुन्या घराची भिंत पाडताना त्याला घबाड सापडले.' कार्ड बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बाईंनी वाचलं, हिरव्या शाईने बरोबरची खूण केली आणि 'घबाड' संपलं. इतकं सोपं होतं ते. भिंत नाही, घर नाही, कुणी माणूस नाही, आणि वाक्य निर्दोष. तो जागेवर आला. 'घमंड' पुढचं. पण त्याला एकाएकी वाटलं की आपण दुसऱ्यांदा तेच केलं. एकदा खरं बोलून आणि आता खोटं लिहून, दोन्ही वेळा मास्तरांना बाकावरून उठवलं. पाच वाजता तो कचेरीतून निघाला तो घराकडे गेला नाही.

मास्तरांचं दुकान एका तीनमजली इमारतीच्या तळाला होतं आणि राहायची खोली वर, पहिल्या मजल्यावर. पत्ता त्याच्याकडे दोन वर्षं होता. दुकानाचं शटर खाली होतं. तो जिना चढला. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. तिने त्याला ओळखलं हे तिच्या हातावरून कळलं, कडीवरचा हात तसाच राहिला. "या," ती म्हणाली. खोलीत शिलाईचं यंत्र वर आणून ठेवलं होतं, आणि भिंतीशी दोरीवर कपडे, शर्ट, पॅन्ट, दोन कोट, प्रत्येकाला खडूने आकडा घातलेला चिंधीचा तुकडा टाचलेला. खालून आणलेले, न्यायला न आलेल्या गिऱ्हाइकांचे. तो खुर्चीवर बसला. बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं, पण ते जुळवलेलं वाक्य इतकं सुबक होतं की त्याला त्याची लाज वाटली.

"वहिनी, त्या दिवशी मी सिस्टरला सांगितलं ते मास्तरांच्या काळजीपोटी नव्हतं," तो म्हणाला. "मला हवं होतं म्हणून सांगितलं."

ती दोरीवरच्या शर्टाची बाही सरळ करत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मास्तर काही…"

"ते म्हणाले, मी असतो तर बोललो नसतो." ती वळली. "आणि मग रात्री म्हणाले, खोटं कशाला बोलू, बोललोही असतो. दोन्ही म्हणाले. तुम्हाला कुठलं हवं ते घेऊन जा." तिचा आवाज चढला नव्हता. "मला तुमच्याशी वेगळं बोलायचंय. त्या दिवशी फोन आला ना, तेव्हा त्यांना ताप होता. चांगला एकशे एक. मी तापाची गोळी दिली. वर आणखी एक दिली. म्हटलं, तिथं तपासतील तेव्हा उतरलेला असू दे. त्यांनी विचारलंसुद्धा नाही कसली गोळी. तोंड उघडलं आणि घेतली."

तो दोरीवरच्या चिंध्यांचे आकडे बघू लागला.

"म्हणजे तुम्ही गप्प बसला असतात तर ते टेबलावर गेले असते आणि ते माझ्या हाताने झालं असतं," ती म्हणाली. "किंवा नसते गेले. फोटोत डाग दिसलाच असता, तुम्ही बोला नाहीतर न बोला. किंवा नसता दिसला. मी रोज हे असं उलटसुलट करते. कुणाला सांगणार? मुलगा म्हणेल, आई, तू त्यांना मारायला निघाली होतीस."

"असं नका बोलू."

"का? तुम्ही नाही का बोलायला आलात?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं. मग तिने यंत्राच्या खणातून एक पुठ्ठा आणि जाड पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. "तुम्ही लिहिणारे आहात. शटरवर लावायला लिहून द्या. मुलाला सांगितलं तर तो महिनाभर टाळतोय. लोकांनी कपडे घेऊन जावेत म्हणून." त्याने लिहायला घेतलं: 'येथील टेलर मास्तर यांचे दुःखद निधन…' ती खांद्यावरून बघत होती. "ते नको," ती म्हणाली. "मास्तर वारले. एवढंच." त्याने पुठ्ठा उलटला आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'मास्तर वारले. शिवायला दिलेले कपडे पहिल्या मजल्यावरून घेऊन जावेत.' तिने ते ओठ हलवत वाचलं. "तयार आहेत ते," ती म्हणाली. "सगळे शिवून झालेत. तसं लिहा. नाहीतर लोकांना वाटेल अर्धवट टाकून गेले." त्याने 'शिवायला दिलेले' खोडून वर 'तयार' लिहिलं. खोडल्यामुळे पुठ्ठा वाईट दिसत होता. तिला ते चाललं.

तो उठला तेव्हा ती दारापर्यंत आली. "एक सांगते, राग मानू नका," ती म्हणाली. "पुन्हा येऊ नका. मी काही वाईट बाई नाही. पण तुमचा चेहरा बघितला आणि माझ्या मनात आलं की तुमचं ते बिघडावं. आत्ता, दार उघडल्या उघडल्या आलं. असं मनात आलं की मला दिवसभर काही सुचायचं नाही." तो "बरं" म्हणाला. दार लागलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर खिशातला मोबाइल वाजला. सात. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, या गोळीची वेळ चुकवायची नाही, एकदाही नाही. परक्याचा अवयव शरीर परकाच मानतं, आणि गोळी चुकली की ते त्याला आतून खायला लागतं. गोळी त्याच्याकडे होती. पाण्याची बाटली कचेरीत टेबलावर राहिली होती. त्याने गोळी तोंडात टाकून कोरडीच गिळायचा प्रयत्न केला, गोळी जिभेवर परत आली, कडू. खाली रस्त्यावर दुकान असेल, उपाहारगृह असेल, दोन मिनिटांवर असेल. हे त्याला कळत होतं. तरी गोळी तळहातावर घेऊन तो परत चढला आणि त्याने दार वाजवलं.

तिने दार उघडलं, त्याच्या तळहाताकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. साडेचार वर्षं तिने हेच केलं होतं, वेळा सांभाळणं. ती आत गेली. ओट्यावर मापाची खूण केलेला एक लहान पेला होता, मास्तरांना दिवसभरात किती पाणी द्यायचं ते मोजायचा. तिचा हात आधी त्या पेल्याकडेच गेला. मग तिने तो बाजूला सारला, फडताळातून मोठा तांब्या काढला आणि काठोकाठ भरून आणला. त्याने गोळी गिळली आणि तांब्या खाली घेतला.

"सगळं प्या," ती म्हणाली.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यायला लागला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं, सदऱ्यात गेलं. ती दाराची कड धरून त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, एकेक घोट खाली जाताना, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत तिने नजर काढली नाही.